साथीच्या हिवाळ्यात शाळा आणि घर: निरोप, हजेरी आणि उघड्या खिडक्या

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते त्याच सुमारास थंडी पडायला लागते. सकाळपाळीची मुलं कुडकुडत येतात, कुणीतरी वर्गाच्या खिडक्या लावून घेतं आणि चाळीस जण तीन-चार तास एकमेकांचा श्वास घेत बसतात. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला आणि शाळा बंद कराव्या लागल्या, तोही पावसाळाच होता. पण जानेवारी ते मार्चमध्ये फ्लूची दुसरी, लहान लाट येते. त्याच महिन्यांत सहल, स्नेहसंमेलन, हळदीकुंकू, लग्नसराई आणि दहावी-बारावीची प्रात्यक्षिकं असतात. नेमकी तेव्हाच एखादी महासाथ चालू असेल, तर शाळेला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: वर्गातली हवा आणि घरी जाणारा निरोप. हवेबद्दल आता बऱ्यापैकी बोललं जातं. निरोपाची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी ‘ग्रुपवर टाकलंय’ इथेच संपते.

हा लेख मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी आहे. यातल्या कामांना वेगळं अनुदान लागत नाही. लागतात त्या दोन वह्या, एक फळा आणि थोडा चिवटपणा.

आधी फोनयादी

वर्गशिक्षकांकडची यादी जूनमधली असते. नोव्हेंबरपर्यंत काहींची सिमं बदललेली असतात, काहींचं रिचार्ज संपलेलं असतं. त्यामुळे सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात यादी नव्याने करा. प्रत्येक घराचे दोन नंबर घ्या आणि त्यापुढे हे लिहा: सकाळी सात वाजता हा फोन कुणाच्या हातात असतो, त्यावर वॉट्सॲप आहे का, घरात मराठी वाचता येणारं कोण आहे.

पहिला प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सगळी मेख तिथेच आहे. बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. ‘ताप असेल तर पाठवू नका’ हा निरोप त्यांना दुपारी जेवताना दिसतो. तोवर मूल शाळेत येऊन खिचडी खाऊन बसलेलं असतं. अशा घरासाठी शेजारच्या फोनचा नंबर लागतो.

बीड, जालना, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात गोष्ट आणखी वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईवडील कारखान्यावर जातात. मूल गावात आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतं. इथे तीन नंबर हवेत: आजी-आजोबांच्या घरचा, आईवडिलांचा आणि टोळीच्या मुकादमाचा. उसाच्या फडात बॅटरी संपली की मुकादमामार्फतच निरोप पोचतो.

यादी झाली की तपासा. रविवारी संध्याकाळी एका ओळीचा निरोप पाठवा: ‘हा निरोप मिळाला असेल तर वर्गशिक्षकांना मिस्ड कॉल द्या.’ सोमवारी संध्याकाळपर्यंत ज्यांचा कॉल आला नाही, ती घरं वहीत वेगळी काढा. तांड्यावरची, वस्तीवरची, वीटभट्टीवरची घरं बहुधा इथेच सापडतात. अशी पाच-पाच घरं जवळच राहणाऱ्या एका पालकाकडे सोपवा. पाचांहून जास्त देऊ नका. दहा घरांना रोज फोन करणं कुणालाच जमत नाही आणि दुसऱ्या आठवड्यात साखळी तुटते.

घरात साठीच्या पुढचं कुणी आहे का, कुणाला दमा, मधुमेह किंवा क्षयरोग आहे का, कुणी गरोदर आहे का, तान्हं बाळ आहे का, हेही विचारा. पण ही माहिती वर्गशिक्षकांच्या वहीतच राहू द्या. ती ना ग्रुपवर जावी, ना ऑनलाइन फॉर्ममध्ये.

निरोप कसा लिहायचा

वर्गाच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. नाहीतर महत्त्वाचा निरोप ‘गुड मॉर्निंग’ आणि हात जोडलेल्या चित्रांखाली गाडला जातो. पालकांच्या प्रश्नांसाठी रोज संध्याकाळी सहा ते सात वर्गशिक्षकांनी फोनवर उपलब्ध राहावं. काही शाळा ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट वापरतात. त्यातली अडचण अशी की ज्यांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यांना ब्रॉडकास्ट जातच नाही, आणि पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.

सही-शिक्क्याच्या पत्राचा पीडीएफ पाठवायची सवय सोडा. मेमरी भरलेल्या फोनवर तो उघडत नाही, आणि उघडला तरी ‘उपरोक्त विषयान्वये’पासून मुद्द्यावर येईपर्यंत वाचणारा दमतो. साधा मजकूर पाठवा, आठ ओळींच्या आत. सोबत तोच मजकूर बोलून, मिनिटभराच्या आवाजी निरोपात. अहिराणी, कोरकू, गोंडी, पावरी, बंजारा बोलणारी घरं असतील, तर आवाजी निरोप त्या बोलीत त्या समाजातल्याच एखाद्या पालकाकडून करून घ्या.

वर्गात पहिला रुग्ण सापडला, तर निरोप साधारण असा असावा:

‘इयत्ता चौथी. बुधवार, ८ डिसेंबर, सायंकाळी ६. आपल्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची तपासणी आज पॉझिटिव्ह आली आहे. मूल घरी आहे. उद्या शाळा नेहमीच्या वेळी भरेल, चौथीचा वर्ग व्हरांड्यात बसेल. तुमच्या मुलाला ताप, खोकला, घसादुखी, उलटी किंवा जुलाब असतील तर उद्या पाठवू नका. सकाळी नऊच्या आत वर्गशिक्षकांना मिस्ड कॉल द्या. गैरहजेरीबद्दल कुणी बोलणार नाही. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा. पुढचा निरोप शुक्रवारी सायंकाळी ६ वाजता.’

मुलाचं नाव यात नाही, मुलगा की मुलगी हेही नाही. लहान गावात ते लपत नाही हे खरं, पण ते शाळेच्या तोंडून जाऊ नये. एकदा नाव फुटलं की पुढची दहा घरं तपासणी टाळतात. निरोप पाठवण्याआधी त्या घरी फोन करून ‘असा निरोप जाणार आहे’ एवढं सांगा. वार, तारीख आणि वेळ न चुकता लिहा. २०२१-२२ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातले पालक याच गोंधळात सापडले. १ डिसेंबरपासून पहिलीपासूनच्या शाळा उघडायचं ठरलं, काही शहरांनी ते पुढे ढकललं, जानेवारीत कोविडच्या ओमायक्रॉन प्रकारामुळे शाळा बंद झाल्या, २४ जानेवारीपासून पुन्हा उघडायचा निर्णय झाला आणि तोही स्थानिक प्रशासनावर सोपवला गेला. तारीख नसलेले निरोप आठवडाभर फिरत राहिले की अर्धा वर्ग येतो आणि अर्धा घरी बसतो. जुना निरोप बदलायचा असेल तर ‘सोमवारचा निरोप रद्द’ याच शब्दांनी सुरुवात करा.

शेवटची ओळ, म्हणजे पुढचा निरोप कधी येणार, ही सगळ्यात कामाची. ती असली की रात्री अकरापर्यंतचे ‘सर, काय ठरलं?’ हे फोन थांबतात. शुक्रवारी सांगण्यासारखं काही नसेल, तर ‘नवीन रुग्ण नाही, सोमवारी शाळा नेहमीप्रमाणे’ असं ठरल्या वेळी कळवाच.

फोन नसलेल्यांसाठी शाळेच्या फाटकावरचा फळा, ग्रामपंचायतीचा भोंगा, गावात कोतवालाची दवंडी. शहरात वॉर्डातल्या घंटागाडीचा स्पीकर कामी येतो. सगळीकडे मजकूर एकच हवा. फळ्यावर एक आणि भोंग्यावर दुसरं झालं की लोक तिसऱ्याचंच ऐकतात.

हजेरीपटातून साथ दिसते

तपासणीचा अहवाल येण्याआधी दोन-तीन दिवस हजेरीपट बोलायला लागतो, फक्त ‘गै’ ऐवजी कारण लिहायला हवं. ता (ताप), खो (खोकला), जु (जुलाब), गा (गावाला), का (कामाला). सकाळी अकरापर्यंत न कळवता गैरहजर राहिलेल्या प्रत्येक घरी फोन करून कारण भरा. दहा मिनिटांचं काम आहे.

एक ठोकताळा ठेवा. चाळीसच्या पटात एका दिवशी चार ‘ता’ किंवा ‘खो’, किंवा सलग तीन दिवसांत नवे पाच, असं दिसलं की त्याच दिवशी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. शहरात महापालिकेच्या दवाखान्याला. सोमवारी किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी गैरहजेरी एरवीही जास्त असते, म्हणून या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशीच करा.

फाटकावर थर्मल गन रोखून मुलं मोजणं दिसायला छान, पण हिवाळ्यात फसवं. थंड वाऱ्यात सायकलवरून आलेल्या मुलाचं कपाळ गार असतं, गन ३५ अंशही दाखवते. गन वापरायचीच तर मूल आत येऊन दहा-पंधरा मिनिटं बसल्यावर वापरा. शिवाय सकाळी पॅरासिटामॉल देऊन पाठवलेल्या मुलाचा ताप कुठल्याच यंत्राला सापडत नाही. त्यापेक्षा दारात ‘रात्री ताप होता का? सकाळी औषध घेतलं का?’ हे दोन प्रश्न विचारा. मुलं खरं सांगतात.

पालक आजारी मूल का पाठवतात? आई मजुरीला जाते, घरी कुणी नसतं. शाळेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. आणि काही शाळांत शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस असतं. साथीच्या वर्षी ते बक्षीस सरळ रद्द करा. उरलेल्या दोन कारणांवर निरोपाचा उपयोग नाही. अशी घरं वहीत शोधून मूल आजारी पडल्यास कोण थांबेल, हे नोव्हेंबरातच ठरवून ठेवावं लागतं.

वर्गातली हवा

कोविडच्या पहिल्या वर्षात फवारणीवर पुष्कळ पैसे गेले. अंगावर जंतुनाशक फवारणारे बोगदेही उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच माणसांवर फवारणी करू नका असं सांगितलं होतं. श्वसनाचा आजार प्रामुख्याने हवेतून पसरतो, त्यामुळे पहिला हात खिडकीला लावायचा.

समोरासमोरच्या भिंतींतली निदान एक-एक खिडकी आणि दार शाळा भरण्याआधी अर्धा तास उघडा आणि पूर्ण वेळ उघडं ठेवा. वारा अंगावर येतो म्हणून मुलं खिडकी लावतात. मग खालची झडप लावा, वरची उघडी ठेवा. गरम श्वास वर जातो आणि तिथूनच बाहेर पडतो. वरचे झरोके जुन्या बाकड्यांनी, नकाशांच्या गुंडाळ्यांनी बुजलेले असतील तर आधी ते मोकळे करा. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवा आणि दार उघडं ठेवा. छताचा पंखा फक्त आतली हवा ढवळतो.

श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड वर्गात साठत असेल, तर हवा पुरेशी खेळत नाही हे कळतं. तो मोजणारं यंत्र तालुक्यातल्या चार-पाच शाळांत मिळून एक घेतलं तरी पुरतं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. वर्ग भरल्यावर तासाभराने ८०० च्या आत असेल तर ठीक. १००० च्या वर गेला तर खिडक्या पुरत नाहीत असं समजा आणि वर्गाचे दोन गट करा किंवा एक गट झाडाखाली न्या. सकाळी नऊनंतरचं कोवळं ऊन हा महाराष्ट्रातल्या हिवाळ्याचा फायदा आहे, तो घ्यावा.

खिडकी उघडी हवी तर मूल उबदार हवं. गणवेशाच्या रंगाचाच स्वेटर हा नियम मार्चपर्यंत बाजूला ठेवा. कानटोपी, मफलर, थोरल्या भावाचं जर्किन, काहीही चालेल. शेकोटीभोवती मात्र मुलांना दाटीने बसू देऊ नका. धुराने खोकला वाढतो आणि मग कुठला खोकला कशाचा, हे कुणालाच कळत नाही.

मास्क पाच वर्षांखालच्या मुलांना नको. मोठ्यांना लावायचा तर नाक झाकलेला आणि कोरडा. सर्दीने ओला झाला की बदलायचा, म्हणून शाळेत जादा हवेत.

साबण, पाणी, हायपोक्लोराइट

हिशेब आधी करा, म्हणजे जानेवारीत साबण संपणार नाही. एका वेळच्या हात धुण्याला सुमारे दीड मिली द्रवसाबण. चाळीस मुलं, दिवसातून दोनदा, म्हणजे १२० मिली. पंचवीस दिवसांचे तीन लिटर. पाणी प्रत्येकी अर्धा लिटर धरलं तर रोज चाळीस लिटर. साबणाच्या वड्या पळतात, म्हणून जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. थंड पाण्यामुळे मुलं हात नुसते भिजवतात. दुपारच्या आहाराआधी टाकी उन्हात तापलेली असते, ती वेळ चुकवू नका. वीस सेकंद म्हणजे सावकाश म्हटलेला दोनाचा पाढा.

बाकं, नळ, दाराच्या कड्या दिवसातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसल्या तरी पुरे. उलटी किंवा शौच झालेली जागा आधी साफ करून मग १ टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक वापरा. बाजारात ५ टक्क्यांचं मिळतं, त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग. ब्लीचिंग पावडर असेल तर एका लिटरला ३० ग्रॅम. द्रावण रोजचं रोज करा. ॲसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. हे शिपाईमामांना आणि मदतनीस ताईंना तोंडी सांगा, बाटलीवरचं कुणी वाचत नाही.

घरी काय कळलं पाहिजे

डिसेंबरात पालकसभा घ्या, मैदानावर, अर्ध्या तासाची. आरोग्य केंद्रातल्या परिचारिका किंवा डॉक्टर आले तर उत्तम. चारच गोष्टी करून दाखवा.

एक, श्वास मोजणं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट, पोटाची हालचाल पाहून. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे मिनिटाला ४० किंवा जास्त, पाचच्या पुढे ३० किंवा जास्त श्वास असतील तर दवाखाना. बरगड्यांखाली खळगा पडणं, ओठ निळसर होणं, पाणीही न पिणं, हाक मारल्यावर नीट जागं न होणं किंवा आकडी येणं यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, १०८.

दोन, ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. ९४ च्या खाली आकडा आला तर डॉक्टर, ९० च्या खाली तर थेट रुग्णालय. गार बोटावर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून उबदार करा. नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

तीन, तापाचं औषध. पॅरासिटामॉल वजनावर देतात, वयावर नाही: किलोला १० ते १५ मिलीग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. वीस किलोच्या मुलाला २५० मिलीग्रॅम. इथेच घोळ होतो. एका बाटलीत ५ मिलीला १२५ मिलीग्रॅम असतं, दुसरीत २५०. पहिली संपून दुसरी आली आणि ‘दोन झाकणं’ तशीच चालू राहिली तर डोस दुप्पट होतो. तान्ह्या बाळाचे थेंब तर त्याहूनही तीव्र असतात. पालकांना बाटल्या आणायला सांगा आणि आकडा कुठे छापलेला असतो ते दाखवा. ॲस्पिरिन मुलांना नाही. खोकल्याचं औषध मनाने आणायचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित सिरपने मुलं दगावली, त्यातली अनेक नागपुरात उपचार घेत होती. दोन वर्षांखाली अशी औषधं द्यायची नाहीत आणि पाचखाली सहसा टाळायची, असंच तेव्हा केंद्राने सांगितलं.

चार, आजी-आजोबा. आजारी मूल त्यांच्या कुशीत झोपतं आणि खरा धोका त्यांनाच असतो. वेगळी खोली नसेल तर अंथरूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डोक्याकडे पाय अशा उलट दिशेने, खिडकीची एक फळी उघडी. हंगामी वसतिगृहातही हीच मांडणी.

वाफेबद्दल वेगळं सांगावं लागतं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाकवू नका. पातेलं कलंडून भाजलं की सर्दी परवडली असं होतं. कापूर-ओव्याची पुरचुंडी लहान मुलाच्या गळ्यात बांधू नका, कापूर तोंडात गेला तर आकडी येऊ शकते. मध वर्षाच्या आतल्या बाळाला नको. बाकी हळदीचं दूध, आल्याचा सौम्य काढा, मऊ भात खुशाल द्या. अशा गोष्टींवर उगाच वाद घालून पालकांना दुखवण्यात अर्थ नाही.

अफवांना ग्रुपवर उत्तरं देत बसू नका. ‘शाळेत न विचारता लस देणार’ ही नेहमीची. कोविडमध्ये १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं, तेव्हाही शाळांसमोर हा प्रश्न होता. एकच निरोप द्या: कोणती लस, कुठल्या दिवशी, संमतिपत्र कुठे मिळेल, शंका कुणाला विचारायची.

परत येताना

औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि तब्येत सुधारतेय, एवढं झालं की साध्या सर्दी-तापानंतर मूल येऊ शकतं. खोकला आठवडाभर रेंगाळतो, त्यासाठी अडवू नका. महासाथीच्या आजारात आरोग्य खात्याने ठरवलेले दिवस पाळा. जानेवारी २०२२ मध्ये ते तपासणीपासून सात दिवस आणि शेवटचे तीन दिवस ताप नाही, असे होते. हे दिवस मधेच बदलतात, म्हणून फळ्यावर खडूने लिहा, रंगाने नको. खाजगी डॉक्टरचं ‘फिटनेस सर्टिफिकेट’ मागू नका. ते आणायला मजुरी बुडते, पैसे जातात, आणि पुढच्या वेळी घर आजार लपवतं.

पहिल्या दिवशी मुलाला वेगळ्या बाकावर एकटं बसवू नका. पहिले आठ दिवस पळापळीचे खेळ नकोत. दम लागला तर बसू द्या. बुडालेला अभ्यास दोन पानांत काढून शेजारच्या मुलाबरोबर आधीच घरी पोचवा.

स्नेहसंमेलन उघड्या मैदानावर, वर्गवार दोन सत्रांत. सहलीला ज्यांचा ‘ता’ मागच्या तीन दिवसांत आहे, त्यांचे पैसे परत मिळतील असं नोटिशीतच लिहा. नाहीतर भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून तापातलं मूल एसटीत बसतं आणि थंडीमुळे खिडक्या बंद असतात.

हजेरीची ती वही मार्चअखेर कपाटात टाकू नका. कोणत्या आठवड्यात ‘ता’ वाढले, कोणत्या पाच घरांची साखळी तुटली, साबण किती लागला, हे शेवटच्या पानावर लिहून पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात. तेव्हा आईवडिलांचे नंबर एकदा पुन्हा विचारा, फडात असताना बऱ्याच जणांचे बदललेले असतात.